तेलाचा पाचवा हात

२१ एप्रिल २०२५, सोमवार. अकोला

आज पटाशी फेकून मारली. भिंतीला मारली, पण देवमन मिस्त्रींच्या कानाजवळून गेली. भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडली. मिस्त्री वाकले, पटाशी उचलली, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हिच्यावर काहून राग काढतो? तू जिथं ठोकली तिथंच गेली ना ते."

झालं एवढंच की गिटारची मान बसवायची खाच एक सूत जास्त खोदली गेली. आता फटीत लाकडाची चिपटी घालावी लागणार आणि ती जन्मभर मला दिसणार.

वही नवी आहे तर मागचं एकदाच लिहून टाकतो. जानेवारीत इंजिनिअरिंग सोडलं, अमरावतीला, तिसऱ्या वर्षात. सबमिशनच्या दिवशी एका सरांनी माझी फाइल फेकली. मी बेंच फेकला. घरी नांदगाव खंडेश्वरला बाबा बोलत नाहीत, आई फोनवर नुसती रडते. म्हणून अकोल्याला आलो. मिस्त्रींकडे सुतारकाम शिकतो, त्यांच्या घरामागच्या खोलीत राहतो. दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर.

आणि बेस गिटार बनवतो. चार जाड तारांची. मैफलीत तिचा आवाज कोणाला वेगळा ऐकू येत नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ होतं. माझ्या कॉलेजातली आचल अमरावतीच्या ऑर्केस्ट्रात गाते. त्यांचा बेसवाला पुण्याला पळाला. तेव्हा तिनं ग्रुपवर टाकलं, "कोणी बेसवाला आहे का ओळखीचा?" ग्रुपवर चाळीस जण आहेत. पण ते माझ्यासाठीच होतं, मला माहीत आहे. विकतची वाजवून तिच्यासमोर उभं राहायला त्यांच्यातला विपुल आहेच. मी माझ्या हातची घेऊन जाईन.

२४ एप्रिल

दिवसभर पॉलिशपेपर. धड सागवानाचं आहे, जुन्या दाराची फळी. मान शिसमची, आत लोखंडी सळई बसवली, म्हणजे तारांच्या ताणानं वाकणार नाही. मी घासतो तेव्हा मिस्त्री म्हणतात, "अबे, सोलून राहिला का त्याले? हळू." मला हळू जमत नाही. बोटांची कातडी गेली. सागवानावर रक्ताचा ठिपका पडला, तो घासून काढला तरी आत कुठंतरी असेलच. असू दे.

आचलशी चार मिनिटं व्हिडिओ कॉल. गिटार दाखवली. विचारलं, पॉलिश कोणतं मारू? ती म्हणाली, "तुला आवडेल ते मार रे. फक्त चकचकीत नको. विपुलची बघ, नुसती कपाटासारखी चमकते." आणि हसली.

विपुल लीड गिटार वाजवतो. त्याच्या गिटारला ती कपाट म्हणाली, माझ्यासमोर. याचा अर्थ काय ते लहान पोरगंही सांगेल.

ठरलं. पॉलिश नाही, तेल. लाकूड हाताला लाकूडच लागलं पाहिजे.

२७ एप्रिल, रविवार

आईनं एसटीच्या कंडक्टरजवळ जवसाच्या तेलाची बाटली पाठवली. आपल्याच गावच्या घाण्याचं. "केसाले लावत जाय," म्हणाली. तिला वाटलं मी डोक्यासाठी मागितलं. मी एका दिवसात तीन हात मारले. थपथप लावलं. लाकूड काय पेटलं होतं रंगानं! मधासारखं.

३० एप्रिल

तीन दिवस झाले, अजून चिकट. त्यावर एक माशी चिकटून मेली. पंखासकट काढताना तिचा एक पाय तसाच राहिला. एक गिऱ्हाईक आपलं दार न्यायला आलं होतं, त्यानं बोट लावून पाहिलं अन् म्हणते, "मिस्त्री, पोट्ट्यानं गुलाबजाम केला का?" मी त्याची कॉलर धरली. भिंतीला दाबला. मिस्त्रींनी मधे हात घातला नसता तर आज त्याचे दात गेले असते.

गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "घाण्याचं कच्चं तेल महिना महिना वाळत नाही. याले बेल तेल लागते." बेल तेल म्हणजे हेच जवसाचं, पण उकळलेलं. डब्यात मिळतं. हे आधी काहून नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, "तू विचारलं होतं का?"

म्हातारा असाच आहे. चाळीस वर्षांचं काम त्याच्या हातात आहे, तोंडात काहीच नाही.

२ मे

चिकटा सगळा खरवडला. दोन दिवस गेले. आज बेल तेलाचा पहिला हात.

मिस्त्रींनी करून दाखवलं. सुती चिंधीचा बोळा करायचा, तेलात बुडवून पिळायचा, रेषांच्या दिशेनं चोळायचा. पाव तास थांबायचं. मग कोरड्या चिंधीनं सगळं पुसून काढायचं. "लावाचं थोडं, पुसाचं लय." उद्या बारीक पेपर, परवा दुसरा हात. असे सात.

मिस्त्रींची एक खोड लिहून ठेवतो, आचलला सांगायला. काम झालं की प्रत्येक चिंधी उलगडतात आणि दुकानामागच्या अंगणात तारेवर पसरून घालतात, वेगळी वेगळी, कुरड्या वाळवल्यासारखी. मी बोळा टेबलाखाली टाकला तर तो उचलून आणला, उलगडला, तारेवर टाकला. मी म्हटलं, "काका, चिंधीचा एवढा कंजूषपणा? गाडीभर आणून देतो." ते म्हणाले, "आमच्या उस्तादानं असंच शिकवलं." बस. डबा घेऊन आलेल्या मनकर्णाकाकू दुकानाच्या ओट्यावरून हसल्या. त्या मिस्त्रींच्या बायको. म्हणाल्या, "पोरा, यायच्या चिंध्या माह्या लुगड्यापेक्षा ऐटीत वाळतात."

६ मे

तिसरा हात. हाताला रेशीम लागतं. आचलला फोटो पाठवला. निळ्या दोन खुणा आल्या. उत्तर नाही. प्रॅक्टिसमध्ये असेल.

९ मे

चौथा. काल रात्री फोन आपटला, काच गेली. कारण तिच्या स्टेटसला विपुलचा फोटो. सगळ्या ऑर्केस्ट्राचा फोटो आहे, पण विपुल तिच्या बाजूला आहे. खांदा खांद्याला लागून आहे. मी मोठं करून पाहिलं.

आज तिनं स्वतः फोन केला. परवा रविवारी अकोल्याला येते, मावशीकडं. येता येता गिटार पाहून जाते म्हणाली. तुटक्या काचेतून तिचं नाव चमकत होतं.

११ मे, रविवार. दुपारी दीड

खोलीवर बसून लिहितो. आनंदात आहे.

मिस्त्री नि काकू चांदूर रेल्वेला लग्नाला गेले. चावी माझ्याकडं. सकाळी नऊलाच पाचवा हात मारला, भरपूर तेल घेतलं, ती येईल तेव्हा लाकूड ओलं चमकायला पाहिजे म्हणून. मग दुकान झाडलं. मागच्या तारेवरच्या कळकट चिंध्या आचलला दिसल्या असत्या, भंगारवाल्याचं घर वाटलं असतं. सगळ्या ओढून काढल्या. आजचे तेलाचे ओले बोळे कोपऱ्यात पडले होते, आतले कोमट लागले हाताला. उन्हाळाच तसा आहे, पत्र्याखाली सगळंच तापतं. ते सगळं बारदानात कोंबलं, वरून दोन सुपं लाकडाचा भुसा दाबला म्हणजे वास येणार नाही, आणि फळ्यांच्या थप्पीमागं सरकवलं. दुकान आरशासारखं केलं.

ती अकराला आली. विपुलच्या गाडीवर.

तो आत आला, गॉगल डोक्यावर. गिटार मी तारेनं आढ्याला टांगली होती. त्यानं तिच्यावर टिचकी मारली. "अरे बाप. किती तेल पाजलं रे हिला? होळीत टाकली तर वास लय भारी येईल." आणि हसला. आचलही हसली, पण मग माझ्याकडं पाहून थांबली.

मी हातोडी उचलली. त्याला मारायला नाही. टेबलावर ठोकली, एकदाच. टेबलाला खळगा पडला. आचल दोन पावलं मागं सरकली. तिचे डोळे मोठे झाले होते. आजवर कोणी तिच्यासाठी एवढं तडफेनं उभं राहिलं नसेल. तिचा आवाजही बदलला. हळू म्हणाली, "छान झालीय गिटार, शिवम. खरंच. आम्ही निघतो." जाताना माझ्या हातातल्या हातोडीकडं दोनदा पाहिलं.

विपुल बिचकला होता. दारात गाडी दोनदा बंद पडली त्याची.

मी कुलूप लावून आलो. आता झोपतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुकान जळालं.

साडेतीनला आरडाओरडा ऐकू आला. पळत गेलो. पत्र्याच्या कडेतून काळा धूर, आत लाल. कुलूप हाताला चिकटलं, तळवा भाजला. पायानं दार तोडलं तर आग तोंडावर आली, भुवया गेल्या. लोकांनी मागं ओढलं. मी त्यांनाही मारलं, एकाच्या नाकातून रक्त आलं. आत गिटार टांगलेली दिसत होती. आधी तारेवर गरागरा फिरली, मग खाली पडली. बंब आला तेव्हा जळायला काही उरलं नव्हतं.

मिस्त्री सात वाजता लग्नातून आले. इस्त्रीचे पांढरे कपडे. राखेत उभे राहिले. रंधे, करवती, उस्तादानं दिलेल्या पटाश्या, सगळ्यांचे नुसते लोखंडाचे तुकडे, निळे पडलेले. काकू खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत.

मी म्हटलं, "काका, मला माहीत आहे कोणी केलं. विपुल. सकाळीच बोलला होता, होळीत टाकतो म्हणून."

मिस्त्री फळ्यांची थप्पी होती त्या कोपऱ्यात गेले. तिथली भिंत सगळ्यात काळी होती, फरशी तडकली होती. उकिडवे बसले. म्हणाले, "चिंध्या कुठं ठेवल्या होत्या?"

दुकान जळालं आणि म्हाताऱ्याला चिंध्यांची पडली आहे. म्हटलं, बारदानात भरून ठेवल्या होत्या, इथंच. त्यांनी तिथली राख बोटानं उकरली. मग म्हणाले, "कोणाचं नाव घेऊ नको."

घेणार. मी स्टेटसला टाकलं. जळत्या दुकानाचा फोटो, विपुलचं नाव, गाव, सगळं.

१३ मे

काल केलं.

राखेतून गिटारच्या मानेचा वरचा अर्धा भाग सापडला. शिसम कोळसा झालं होतं, सळई बाहेर आली होती. ती पोत्यात गुंडाळली आणि सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेलो. खरं सांगतो, दाखवायला नेली होती. आचलला दाखवणार होतो, हे बघ काय केलं त्यानं. हे खरं आहे की मी आता बनवतोय, मलाच कळत नाही.

प्रॅक्टिस हॉल पहिल्या मजल्यावर, खाली गाड्या लावायची जागा. विपुल गाडीची चावी बोटावर फिरवत उतरला. मला पाहून म्हणाला, "शिवम, भाऊ, ऐक ना, तुझं स्टेटस पाहिलं मी. मी कशाला..."

सळईचा पहिला फटका खांद्यावर बसला. तो ओरडला, "अबे मी नाही केलं." दुसरा डोक्यावर बसणार होता, त्यानं डावा हात वर केला. आवाज आला. सुकी फांदी मोडते तसा नाही, ओली मोडते तसा. तरी तो म्हणतच होता, "आईशप्पथ, मी नाही." मी म्हटलं, "ह्याच हातानं लावली ना?" आणि उजव्या मनगटावर मारलं. तो भिंतीशी घसरून बसला. दोन्ही हात पोटाशी धरले होते. डावीकडची बोटं नको त्या दिशेला होती. त्यानं ती पाहिली आणि उलटी केली.

जिन्यात ऑर्केस्ट्राचे दोघं उभे होते. कोणी मधे पडलं नाही. एकजण म्हणाला, "करू दे, याच लायकीचा आहे." माझं स्टेटस सगळ्यांनी वाचलं होतं.

परतीच्या गाडीत मस्त झोप लागली. हे लिहायला नको, पण लागली.

१४ मे

आचलचा फोन. मी वाट पाहत होतो.

ती म्हणाली, "शिवम, त्या दिवशी तुझ्याकडून निघालो ते सरळ मूर्तिजापूर. दोन ते चार तिथल्या रसवंतीवर होतो आम्ही. मी त्याच्यासोबत होते. मी. कळलं का तुला?"

"मावशीकडे जाणार होतीस ना?"

"मावशी नाहीच अकोल्यात."

म्हणजे त्याला वाचवायला ही खोटं बोलते. माझ्याजवळ. मी शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा तिला. ती रडली नाही. म्हणाली, "त्यानं दवाखान्यात तुझं नाव घेतलं नाही. गाडीवरून पडलो सांगितलं. घरीही तेच. मीच म्हटलं, नको घेऊ. नाव घेतलं आणि तू सुटून आलास तर आमच्या दारात उभा राहशील. मला तुझी भीती वाटते रे. एवढंच सांगायला फोन केला."

मला वाचवलं तिनं. वरून काहीही म्हणो, वाचवलं. भीतीचं ते बोलण्यात येतं.

ब्लॉक केलं आहे मला, पण ते घरच्यांमुळे असेल.

१८ मे

मिस्त्री पोलिसांना म्हणाले, "माहीत नाही कशानं लागली." मी बाजूला उभा होतो, विपुलचं नाव सांगत होतो, तर हवालदारासमोर मला म्हणाले, "तू गप राह्य." एवढ्या वर्षांचं दुकान गेलं आणि म्हातारा त्या हरामखोराला पाठीशी घालतो. त्यांच्या राखेवर थुंकावंसं वाटलं.

काकू जेवायला वाढतात, पण बोलत नाहीत. ऑर्केस्ट्रानं विपुलला काढलं. कोणीतरी ग्रुपवर टाकलं, त्याच्या घरावर दगड मारले म्हणून. काच फुटली. मी अंगठा दिला.

मग उगाच उशिरापर्यंत ते "नाही केलं" डोक्यात येत राहिलं. हात मोडला तरी माणूस खोटं बोलत राहतो का? मी असतो तर राहिलो असतो का?

२० मे, मंगळवार

सकाळी मिस्त्रींनी मला घराच्या अंगणात बोलावलं. मधोमध घमेलं ठेवलं होतं. बाजूला बेल तेलाचा नवा डबा, जुनं धोतर फाडून केलेल्या चिंध्या आणि कुठूनसा आणलेला भुसा.

"त्या दिवशी किती तेल घेतलं होतं?"

मी सांगितलं.

"तसंच भिजव. तसंच कोंब."

मला वाटलं नवी गिटार करायची आहे. बोळे भिजवले, बारदानाच्या तुकड्यात कोंबले, वरून भुसा दाबला. मिस्त्रींनी ते घमेल्यात ठेवलं, वर पत्र्याचा तुकडा झाकला. आणि दोन हातांवर लिंबाच्या सावलीत बसले. "बस."

"कशाला?"

"मले बी पाहाचं हाये."

दहा वाजले होते. काकूंनी चहा दिला. अकरा वाजले. मी उठलो तर मनगट धरून बसवलं. म्हाताऱ्याची पकड शिकंजासारखी आहे. बारा वाजता त्यांनी पत्रा उचलून हात घातला आणि पटकन काढला. माझा हात धरून आत घातला. मधे भट्टी होती. वरून ऊन नव्हतं, सावली आली होती घमेल्यावर. माचीस नव्हती. कोणी नव्हतं. आम्ही दोघं होतो आणि नजर हलवली नव्हती.

एक वाजायच्या आधी धूर आला. आधी बारीक, भाजल्या जवसाचा वास. मग पिवळा, जाड. मिस्त्रींनी काडीनं बारदान उघडलं. आतला बोळा लाल होता. वारा लागला आणि भप्पकन ज्वाळ उठली.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग पायापासून कळत वर आलं.

मिस्त्री म्हणाले, "उस्ताद सांगे, तेलाची चिंधी गुंडाळून ठेवाची नाही. काहून ते म्या विचारलं नाही. त्यायनं सांगतलं नाही. म्या तुले सांगतलं नाही. त्या कोपऱ्यात पाहलं तेव्हा मनात आलं, पण खात्री नव्हती. मीच कधी पाहलं नव्हतं ना, पोरा."

मी त्यांचा सदरा छातीशी धरला. "तेव्हाच काहून नाही बोलले? त्याचे हात तोडले मी! मनात आलं होतं तर काहून नाही बोलले?" हलवलं, ढकललं. ते घमेल्यावर पडले. निखारे अंगणभर उडाले. त्यांच्या पायावर एक पडला, कातडी चरचरली. मी लाथ उचलली होती. हेही लिहितो. सत्तर वर्षांच्या माणसावर, ज्याचं दुकान मी जाळलं, लाथ उचलली होती.

काकूंनी चुलीवरची फुंकणी माझ्या पाठीत घातली. मग मानेवर. मग परत. "लाव हात! लाव आणखी एकदा! पोटचा समजून जेवू घातलं मेल्या तुले!" मी खाली बसलो. त्या मारत होत्या. थांबू नये असं वाटत होतं, पण त्या दमल्या. फुंकणी टाकून मिस्त्रींच्या पायाला कालवलेली हळद लावायला बसल्या, आणि रडायला लागल्या.

मिस्त्री पाय पुढं करून बसले होते. म्हणाले, "माह्या दुकानाचं मी पाहीन. त्या पोराचं कोण पाहीन?"

२१ मे. अमरावती

विपुलचं घर सापडायला वेळ लागला नाही. पुढच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता.

दार त्याच्या आईनं उघडलं. सीमाकाकू. दारावर पाटी आहे, त्या शाळेत शिकवतात. मला कधी पाहिलं नव्हतं. आधी दार अर्धंच उघडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग विचारलं, "मित्र का त्याचा?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला ठाऊक नाही.

त्यांचा चेहरा सुटला. "ये बाबा, ये. नऊ दिवसांत कोणी फिरकलं नाही रे. सगळे म्हणतात यानं कोणाचं दुकान जाळलं. माझा पोरगा साधी चूल पेटवायला घाबरते." पाणी दिलं. मी प्यायलो. मग माझ्या हातात ताट दिलं, वरणभात कालवलेला. "मी पोळ्या टाकते तोवर तू भरव त्याले. दोन्ही हात गेले ना. माझ्या हातानं खायला लाजते तो, मित्राच्या हातानं खाईल."

विपुल पलंगावर टेकून बसला होता. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांतून दोन लोखंडी तारा बाहेर आलेल्या. उजवा मनगटाशी बांधलेला. मला पाहून तो पलंगावर मागं मागं सरकला, भिंत लागेपर्यंत. ओरडला नाही. पुटपुटला, "आईसमोर नको. बाहेर घेऊन जा पाहिजे तर, आईसमोर नको मारू."

मी पलंगाशी बसलो. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "खाते का रे?" विपुल म्हणाला, "हाव, खातो." आणि माझ्याकडं पाहत तोंड उघडलं. मी घास दिला. त्याचे दात माझ्या बोटांना लागले. त्यानं चावला नाही, तसाच गिळला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. दुसरा घास. तिसरा. माझा हात तोंडाजवळ गेला की दर वेळी तो डोळे मिटत होता.

मी हळूच विचारलं, "बोटं वळतील का?"

"दोन नाही वळणार म्हणतात."

तेवढ्यात काकू पोळी घेऊन दारात आल्या.

मी उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं गेलं. "काकू, हा गाडीवरून पडला नाही. मी मारलं. लोखंडानं. आणि यानं दुकान जाळलं नाही, तो आळ मीच टाकला. ते माझ्याच हातून जळालं. मला काल कळलं."

त्यांनी विपुलकडं पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. पोळी हातातच होती. मला वाटलं ओरडतील, लोकांना बोलावतील. मी तयार होतो. खरं तर मला तेच पाहिजे होतं. माणसानं मारलं की हिशेब संपल्यासारखा वाटतो.

त्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं. मी जिथं बसलो होतो तिथं बसल्या. उरलेला भात विपुलला भरवला, सगळा, एकेक घास. तो "नको आई" म्हणत होता तरी भरवला. मी उभा होतो. ताट संपलं. त्याचं तोंड पुसलं. हात धुतले. पायात चपला घातल्या. मग माझ्यासमोर आल्या आणि एकच थप्पड मारली. एवढी जोरात की कानात अजून शिटी वाजते.

"चाल," म्हणाल्या.

रिक्षात माझ्या बाजूलाच बसल्या. ठाण्यात हवालदार म्हणाला, "हे तुमचे कोण?" त्या म्हणाल्या, "ज्याचे हात मोडले त्याची आई मी. मोडणारा हा. स्वतःहून सांगतो म्हणते. आणि माझ्या पोरावर जो जाळपोळीचा आळ आहे, तोही आधी यानंच आणला. लिहून घ्या. मी बसते."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. "काय बे, खरं का?"

"खरं."

"तारखा आठवतात का?"

मी पिशवीतून ही वही काढली. सगळ्या तारखा यात आहेत, म्हटलं. त्यानं हात पुढं केला. मी म्हटलं, आजचं लिहून देतो, पाच मिनिटं द्या. साहेब यायचेच होते. तो म्हणाला, लिही.

म्हणून बाकावर बसून लिहितो. मागची पानं चाळली. आचलबद्दल जे जे लिहिलं ते हे सगळे वाचणार, मोठ्यानं वाचतील, हसतील. ती मागं सरकली ते मी काय समजलो होतो, तेही वाचतील. ती पानं फाडावी म्हणून धरली. काकूंनी पाहिलं. वही बंद करायला त्यांनी हात घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "त्यात माझ्या पोराचं काही आहे का?"

प्रत्येक पानावर आहे. ९ मेच्या पानावर त्याचा खांदा आहे. ११ मेला तो हसतो. १३ मेला तो दोनदा सांगतो की मी नाही.

पानं सोडली. साहेब आले आहेत.